तपासनीस बाईंसाठी मांडलेलं टेबल

९ जानेवारी

आज जेवताना सूनबाईने रेशनकार्डाचा विषय काढला. थेट नाही काढला. आधी डाळ वाढली, मग मीठ पुढे सरकवलं आणि मग म्हणाली, "बाबा, आमच्या कारखान्यात पाळ्या कमी केल्यात. आपण अर्ज करून बघू या का?" आधी काहीतरी पुढे करायचं आणि मग वाईट बातमी द्यायची, ही पद्धत तिने माझ्याकडूनच उचलली आहे. मासा संपलाय हे गिऱ्हाइकाला सांगण्याआधी त्याच्या ग्लासात पाणी भरावं.

मी म्हटलं, "ज्या माणसाने मंत्र्यांना वाढलं तो आता रांगेत उभा राहणार?"

"रांगेत मी उभी राहीन."

"रांगेत काय मिळतं?" चिमणीने विचारलं. सहा वर्षांची नात, तिला काय सांगणार? आम्ही दोघंही डाळीकडे बघत बसलो.

हॉटेल पाडून तिथे ऑफिसं झाली, तरी या इमारतीत मला अजून कप्तानच म्हणतात. वेटरांचा जो मुख्य तो कप्तान, जहाज नसलं तरी. आमच्या खिडकीतून समोरचं रेशन दुकान दिसतं, त्यामुळे त्या रांगेबद्दल माझी मतं फार पूर्वीच पक्की झालेली आहेत. निम्म्यांच्या हातात मोबाइल असतो. एक बाई तर नखं रंगवून येते. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय! आपल्याला त्यात पडायचं कारण नाही. मुलगा परदेशात आहे, तो पाठवेल. मध्ये त्याचा फोन नंबर बदलला, नवा कळवायचा राहून गेला असेल. नव्या जागी बस्तान बसवायचं म्हणजे माणूस गडबडीत असतो.

१२ जानेवारी

सूनबाईने अर्ज भरून आणला. मी सही केली. मान वर करून केली, एवढंच इथे लिहून ठेवतो.

२० जानेवारी

चिमणी शेजारच्या बॅटरीवाल्याकडून तोंड पुसत आली. याचं दुकान खाली, घर आमच्या भिंतीला लागून. गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो आणि सगळ्या इमारतीच्या बातम्या चार्ज करून ठेवतो. मी चिमणीला बजावलं, लोकांच्या घरी जेवणाच्या वेळी जायचं नसतं. ती म्हणाली, "मी जेवणाच्या वेळी जातच नाही, शाळेतून आल्यावर जाते." हजरजबाबी आहे. हे माझ्याकडून आलंय.

२९ जानेवारी

तपासणी होईपर्यंत म्हणून तात्पुरतं कार्ड मिळालं. सूनबाईची नेमकी आज कारखान्यात दिवसपाळी होती, म्हणून दुकानात मला जावं लागलं.

पिशवी घेऊन जाणं मला जमणार नव्हतं. माळ्यावरून चाकांची प्रवासी बॅग काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गावाला निघालेल्या माणसासारखा जिना उतरलो. दोघांनी विचारलं, "कुठे, कप्तान?" मी म्हटलं, "जाऊन येतो जरा." रस्ता ओलांडला आणि रांगेत उभा राहिलो.

पुढे ती रंगवलेल्या नखांची बाई होती. ती पार्लरमध्ये कामाला आहे आणि नवी पोरगी रंग लावायला शिकते ती हिच्या नखांवर, असं कळलं. मागे एक गृहस्थ सांगत होते की हल्ली लोकांना काम करायला नको झालंय. ते स्वतः त्याच रांगेत होते, पण त्यांची गोष्ट वेगळी होती. रांगेत प्रत्येकाची गोष्ट वेगळी असते. माझीही वेगळीच आहे.

तांदूळ, पीठ, डाळ, तेल. दुकानदाराने बॅग बघून विचारलं, "आजोबा, विमानाने नेणार काय?" लोक हसले. परत येताना पिठाची पुडी आतल्या आत फुटली आणि चाकांमागे पांढरी रेघ उमटत आली, दुकानापासून थेट आमच्या दारापर्यंत. बॅटरीवाला जिन्यातच उभा होता. म्हणाला, "कप्तान, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" मी उत्तर दिलं नाही. असल्या माणसांना उत्तर देणं म्हणजे आपली किंमत कमी करून घेणं.

११ फेब्रुवारी

घरात पीठ आणि तेल एकाच वेळी आहे, त्यामुळे वातावरण बदललंय. सूनबाई काल चक्क गुणगुणत होती. चिमणी दोनदा वाढून घेते आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे बघते. तिसऱ्यांदाही वाढावं. पान पुढे आलं की विचारायचं नसतं, वाढायचं असतं. हा माझा पहिला नियम होता आणि यावरून मी तीन पोरांना नोकरीवरून काढलंय.

सूनबाई मात्र आमच्याबरोबर बसत नाही. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या काहीतरी खाते. "कारखान्यात झालं माझं," असं म्हणते. आमच्या हॉटेलात आचारी असेच उभ्याने खायचे आणि एकेकाची पोटं अशी सुटलेली! स्वयंपाकघरात उभा राहून खाणारा माणूस कधी उपाशी नसतो, हा धंद्यातला अनुभव आहे. तशी ती बारीक झालीय, पण हल्ली बायकांना बारीकच व्हायचं असतं.

२ मार्च

घर बघायला सरकारी तपासनीस येणार असा निरोप आला. त्याने होकार दिला तर कार्ड पक्कं.

सूनबाई म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मला सुट्टी नाही मिळणार. सुट्टी मागणाऱ्यांचीच नावं आधी कमी करतायत. तुम्ही असाल ना? काही करू नका. घर जसं आहे तसं राहू द्या. विचारतील ते खरं सांगा. तुमचं मोठ्या हॉटेलातलं सांगू नका."

"सांगितलं तर काय बिघडलं?"

"बाबा, हात जोडते."

तिने खरंच हात जोडले. मला जरा हसू आलं. घरी माणूस येणार आणि घर जसं आहे तसं? मग बोलवायचंच कशाला?

६ मार्च

आजचा दिवस फार चांगला गेला. सविस्तर लिहितो.

सकाळीच टेबल खिडकीपाशी ओढलं. निरोप देताना हॉटेलने दिलेला पांढरा टेबलक्लॉथ काढला, नीळ दिली, ओलसर असतानाच इस्त्री फिरवली. चारी बाजूंनी सारखा पडला पाहिजे, गुडघ्याच्या वर एक वीत. एका खुर्चीचा पाय लंगडा, ती भिंतीला टेकवून तिच्यावर उशी ठेवली. सोललेल्या भिंतीवर आरसा टांगला. बेकरीवाल्याकडून लोणी आणि ताजा ब्रेड शब्दावर आणला, दूध सगळं एका पातेल्यात काढलं. अंडी दोन होती. उरलेलं तेल आमलेटला लागलं. आमलेटच्या तेलात कंजुषी केली की लगेच ओळखू येतं.

तपासनीस म्हणून एक बाई आल्या. चाळिशीच्या आतल्या, खांद्याला जड बॅग, चपला धुळीने भरलेल्या. सकाळपासून पायऱ्या चढून त्या दमल्या होत्या. मी खुर्ची मागे ओढली. त्या आधी उभ्याच राहिल्या. बहुतेक त्यांच्यासाठी आजवर कुणी खुर्ची ओढली नसावी.

"आजोबा, हे कशाला?"

"आधी बसा. पोटात काही असलं की कागद सोपे जातात."

त्यांनी नको नको म्हणत खाल्लं. भुकेल्या माणसाला ओळखण्यात माझी चूक व्हायची नाही, सगळं आयुष्य त्यातच गेलंय. कॉफी दोन कप घेतली. मग वही उघडली.

"घरात काही अडचण?"

"तशी काही नाही. सगळं छान चाललंय."

"मुलगा पाठवतो काही?"

"पाठवतो की! मोठ्या कंपनीत आहे. नेमाने पाठवतो." हे अगदी आजच्या तारखेला खरं नसलं, तरी मुलाची अब्रू परक्या बाईपुढे का काढायची? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, नीट विचार करून सांगा हं. मी जे लिहीन ते परत बदलता येत नाही. महिनाअखेर जेवणाचं कमी पडतं का?"

"तुम्हीच बघताय," मी टेबलाकडे हात केला.

"कधी एखाद्या वेळचं जेवण चुकतं का? तुमचं, सुनेचं?"

"सून तर घरी फारशी जेवतच नाही. तिचं कारखान्यात होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी तिसरा कप ओतायला लागलो, तर म्हणाल्या, "कॉफी नको. मी परत एकदा विचारते." आणि परत तेच विचारलं. मी परत तेच सांगितलं. सरकारी पद्धत असेल, सगळं दोनदा विचारायची.

इतक्यात चिमणी शाळेतून आली. टेबल बघून दारातच थांबली. "आजोबा, आज कुणाचा वाढदिवस आहे?"

मी मोठ्याने हसलो. "अशीच बोलते ही," मी म्हटलं. बाईंनी आपल्या बशीतला ब्रेडचा तुकडा तिला दिला आणि वही बंद केली. जाताना जिन्यात थांबून म्हणाल्या, "तुम्ही फार चांगलं वाढता." इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. हॉटेलात लोक टिप ठेवतात, बोलत नाहीत.

काम झालं असं समजायला हरकत नाही.

२१ मार्च

झालं नाही. दुकानातल्या मशीनवर 'अपात्र' आलं. दुकानदाराने ते मोठ्याने वाचलं, मागच्यांना ऐकू जाईल असं. मी चाकांची रिकामी बॅग घेऊन परत आलो. रिकामी बॅग फार आवाज करते.

हे कुणाचं काम आहे ते मला लगेच कळलं. तडक बॅटरीवाल्याच्या दुकानात गेलो. "आमची तक्रार कुणी केली?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "कप्तान, मी तक्रार केली असती तर रोज दुपारी तुमच्या नातीला..." एवढं बोलून थांबला. आतून त्याची बायको म्हणाली, "राहू द्या हो." मग तो म्हणाला, "जाऊ द्या. पाणी घेता?"

चोराच्या मनात चांदणं. खरं असतं तर वाक्य पुरं केलं असतं.

संध्याकाळी सूनबाईने विचारलं, "बाबा, त्या बाईंशी तुम्ही काय बोललात?"

मी सगळं सांगितलं. टेबलक्लॉथ, आमलेट, कॉफी, त्यांनी दोनदा विचारलं ते, मी दोनदा सांगितलं ते. त्या "चांगलं वाढता" म्हणाल्या तेही. सांगताना माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे बघत नाहीये. ती खाली जमिनीवर बसली होती आणि चिमणीची वेणी उलगडत होती. वेणी केव्हाच उलगडून झाली होती.

मग ती उठली आणि टेबलक्लॉथ धुवायला घेतला. कॉफीचा डाग होता एक. इतकं होऊनही तिने ते आठवणीने केलं, हे मला बरं वाटलं.

२ एप्रिल

सूनबाई कारखान्यात चक्कर येऊन पडली. साबणाच्या खोक्यांवर पडली म्हणून लागलं नाही. ऊन फार आहे. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, खाणंपिणं बघा. मी त्यांना सांगितलं, तिला कारखान्यात जेवण मिळतं. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे कँटीन नाही. कधीच नव्हतं."

मला समजेना. मग इतके दिवस ती काय म्हणत होती? घरी आल्यावर विचारीन म्हटलं, तर घरी आल्यावर ती झोपली.

३ एप्रिल

आज विचारणार होतो. विचारलं नाही. तिला बरं वाटू दे आधी.

९ एप्रिल

पुरवठा कचेरीत गेलो. पंखा होता, पण कारकुनाच्या बाजूला वळवलेला. तोंडाने वाईट नाही माणूस. म्हणाला, "या घराची फेरतपासणी आता वर्षभर नाही. सूनबाई कमावत्या आहेत, मुलगा पाठवतो असा शेरा आहे."

"तो पाठवत नाही," मी म्हटलं. किती सहज तोंडातून निघालं! सूनबाई शेजारी उभी होती. पहिल्यांदाच मी हे तिच्यादेखत बोललो. तिला ते आधीपासून माहीत असणार. आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

"लिहिलेलं बदलत नाही," कारकून म्हणाला. मग आवाज उतरवून, "एक मार्ग आहे. वृद्ध माणूस एकटा राहत असेल तर त्याला वेगळ्या योजनेत लगेच मिळतं. यांची आणि मुलीची नावं माहेरच्या कार्डावर चढवा. भाऊ आहे ना? पण खरंच वेगळं राहावं लागेल. एकत्र सापडलात तर दोन्ही कार्डं जातील."

जिना उतरताना मी म्हटलं, "असलं काही करायचं नाही. मोडेन पण वाकणार नाही."

सूनबाई कठड्याला धरून थांबली. तिला हल्ली जिना उतरतानाही दम लागतो. "बाबा, वाकायचंय कुणाला?" ती म्हणाली. "मला नुसतं जेवायचंय."

इतक्या साध्या शब्दांत बोलली की मला वाटलं, कुणी पाण्याचा ग्लास मागतंय. आजही रात्री तिने चिमणीला वाढलं, मला वाढलं, आणि स्वयंपाकघरात गेली. मी उठून तिच्या मागे गेलो. ती पातेलं धूत होती. त्यात काही उरलेलंच नव्हतं.

१७ एप्रिल

गेल्या. सूनबाईचा भाऊ टेंपो घेऊन आला होता. तो बरा आहे. त्याची बायको टेंपोतून उतरली नाही. सूनबाई पाया पडायला वाकली तर मी तिचे खांदे धरले. हाताला हाडं लागली.

"चुकलं माझं काही?" मी विचारलं. मला वाटलं ती नाही म्हणेल.

ती म्हणाली, "बाबा, औषध वेळेवर घ्या."

५ मे

त्याच तपासनीस बाई आल्या. मी काही मांडलं नव्हतं. टेबल भिंतीला, आरसा काढलेला. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"एकटेच?"

"एकटाच."

"सून, नात?"

"माहेरी. कायमच्या."

त्यांनी लिहिलं. आत यायला मी म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारण्याची ही माझी पहिलीच वेळ. त्यांना घाम आला होता, मला दिसत होतं. पण हिला पाणी दिलं तर हिला वाटेल याच्या घरी पाणी जास्त आहे, असलं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं आणि मी जागचा हललोच नाही.

"यावेळी होईल तुमचं," त्या म्हणाल्या. वही मिटून म्हणाल्या, "मागच्या वेळी मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, आजोबा."

"हो," मी म्हटलं. "तुम्ही नियमाप्रमाणे विचारलंत."

त्या उतरून गेल्या.

१४ मे

कार्ड आलं. धान्य आणलं, साध्या पिशवीतून. कुणी काही विचारलं नाही. एकट्या माणसाला एवढं पुष्कळ होतं. भातच जास्त होतो रोज, आणि दुसऱ्या दिवशी आंबतो.

३१ मे

रविवार. चिमणी आणि सूनबाई आल्या. पोरीने दोनदा हट्ट धरला म्हणे, म्हणून. सूनबाईचा चेहरा तसाच फिका आहे, फक्त आता ओठांवर रंग लावते. "तिकडे वहिनी मोजून वाढते," एवढंच बोलली आणि खिडकीशी जाऊन बसली. मग उठली आणि पडदा ओढून घेतला.

मी सकाळपासून भात, डाळ, बटाटे करून ठेवले होते. पलंगासमोर पानं मांडली. चिमणी आत आली तीच चपला हातात घेऊन. दाराबाहेर नाही काढल्या. पलंगाखाली नीट जोडून ठेवल्या, आईच्याही. मी म्हटलं, "हे कुणी शिकवलं?" तर म्हणाली, "कुणी नाही."

पहिला घास घेतला आणि दार वाजलं.

चिमणी कुणीही काही म्हणायच्या आत पलंगाखाली गेली होती. सूनबाई स्वयंपाकघरात. मी दार अर्धं उघडलं. बॅटरीवाला होता, हातात झाकलेली वाटी. "पोरगी आली वाटतं? आवाज आला. तिच्यासाठी..."

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी एकटाच आहे."

त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. तिथे तीन पानं वाढलेली होती. तो ती बघत राहिला, मग म्हणाला, "बरं बरं. एकटेच तुम्ही. माहीत आहे सगळ्यांना." वाटी माझ्या हातात दिली आणि गेला.

मी कडी लावली. चिमणीला म्हटलं, "ये बाहेर. गेले काका."

ती येईना. म्हणाली, "इथेच वाढा."

"अगं, गेले ते."

"परत कुणी येईल. मामाकडे घरमालक आला की मी तिथेही पलंगाखालीच जाते. सवय आहे मला. वाढा ना, आजोबा."

पान पुढे सरकलं होतं. मी गुडघे टेकले, हात लांब केला आणि वाढलं.